माफीचा साक्षीदार : जोशी-अभ्यंकर खटल्यात एकाला माफी देणे योग्य होते का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे आरोपी टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी होते. २८ सप्टेंबर १९७८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश वा. ना. बापट यांनी चौघांना फाशीची शिक्षा सुनावली, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. इथवरचा इतिहास येथील बहुतेक सदस्यांना ठाऊक आहे.

माझा प्रश्न पाचव्या मुलाविषयी आहे. पहिल्या खुनाच्या वेळी या टोळीसोबत असलेला त्यांचाच एक सहाध्यायी पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्याने न्यायालयात सर्व काही सांगितले आणि त्याला शिक्षा झाली नाही. महाविद्यालयाजवळच्या हॉटेलमालकाच्या कोवळ्या मुलाला फसवून नेले जाते, त्याच्याकडून आपण घर सोडून जात असल्याची चिठ्ठी लिहून घेतली जाते, त्याचा गळा आवळून देह लोखंडी पिंपात भरून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला जातो, आणि हे ज्याला माहीत होते तो मनुष्य पुढचे नऊ खून होईपर्यंत पोलिसांकडे जात नाही. अशा माणसाला कायद्याने माफी द्यावी काय? खटला त्याच्यावाचून उभा राहिलाच नसता का? मला स्वतःला हा सौदा पटत नाही. परंतु ज्यांना न्यायालयाचा व तपासाचा अनुभव आहे त्यांच्याकडून समजून घेण्याची इच्छा आहे. कृपया चर्चा याच मुद्द्यावर ठेवावी.

चिंचेची सावली

पटत नाही हे बरोबर. परंतु पटत नाही म्हणून चूक ठरत नाही. वकील मंडळींची वाट पाहतो.

सदाशिवकर

त्या वर्षी मी शाळेत होतो. कायद्याविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही. पण ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना या माफीमागची निकड कळणार नाही, म्हणून लिहितो.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतल्या जोशी कुटुंबातले आईवडील आणि मुलगा मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात पाच जण गेले. त्यांत संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, त्यांची पत्नी, दोन तरुण नातवंडे आणि घरात कामाला असणारी एक वृद्ध बाईही होती. त्या बाईंचा उल्लेख बहुतेक लेखांत शेवटी आणि अर्ध्या वाक्यात येतो, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

अभ्यंकरांच्या बातमीनंतर आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा दिवेलागणीलाच बंद होऊ लागला. एरवी त्याला रात्रीसुद्धा कोणी अडसर घालत नसे. माझ्या वडिलांनी दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली, आणि लोहाराकडे इतकी गर्दी होती की त्यासाठी आठवडाभर थांबावे लागले. बेल वाजली की आजी आधी खिडकीतून ‘कोण?’ असे विचारी आणि ओळखीचा आवाज असला तरी नाव सांगितल्याशिवाय दार उघडत नसे. सगळ्यांना ठाम वाटे की हे बाहेरून आलेल्या दरोडेखोरांचे काम आहे. आपल्याच गल्लीत चहा पिणारी, चित्रकला शिकणारी मुले हे करत असतील असे कोणाच्याही मनात आले नव्हते. पोलिसांवर किती ताण असेल याची आज कल्पनाच केलेली बरी.

काळा कोट

मी फौजदारी वकिली करतो. दोन्ही बाजूंनी काम केलेले असल्यामुळे शक्य तितके तटस्थपणे लिहितो.

माफीचा साक्षीदार ही पोलिसांनी दिलेली सवलत नसते. त्या काळी नुकत्याच लागू झालेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०६ नुसार ही माफी दंडाधिकारी देत, खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यावर कलम ३०७ नुसार ते न्यायालयही देऊ शके, आणि दंडाधिकाऱ्यांना माफीची कारणे लेखी नोंदवावी लागत. माफी सशर्त असते. गुन्ह्याविषयी जे जे ठाऊक आहे ते संपूर्ण आणि खरे सांगितले पाहिजे, स्वतःचा वाटाही लपवता कामा नये. त्याने काही दडवले किंवा खोटे सांगितले तर सरकारी वकिलांच्या प्रमाणपत्रानंतर कलम ३०८ खाली त्याच्यावर मूळ गुन्ह्याचाच खटला चालू शके. शिवाय तो आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते. ‘साक्ष दिली आणि घरी गेला’ हे चित्र त्यामुळे खरे नाही.

आता मुळाकाठ यांच्या प्रश्नाचा गाभा. ज्याचा अपराध सर्वांत कमी त्यालाच माफी द्यावी, असे कायदा कोठेही म्हणत नाही. तसे व्हावे ही अपेक्षा असते, चांगले न्यायाधीश तसे पाहतातही. परंतु माफीचा हेतू दयेचा नसतो. जो पुरावा अन्य मार्गाने मिळणे शक्य नाही तो मिळवणे एवढाच तिचा हेतू आहे. बंद खोलीत, रात्री, आपसांत कट करून केलेल्या खुनाला त्या खोलीतल्या माणसांखेरीज साक्षीदार नसतो, आणि ज्यांनी ऐकले-पाहिले असते ते जिवंत ठेवलेले नसतात. जोशी आणि अभ्यंकर यांच्या घरात नेमके तेच झाले होते.

उंबरठा

वकीलसाहेबांचे विवेचन स्वच्छ आहे, तरीही माझा आक्षेप त्याच्या एक पायरी खाली आहे. कागदावर माफी दंडाधिकारी देतात हे मान्य. परंतु चार-पाच संशयितांपैकी कोणाला ‘तू बोल, तुला वाचवता येईल’ असे सांगायचे, हा निर्णय पोलीस ठाण्यातच होतो. त्या क्षणी निवड होते ती जो सर्वांत आधी खचतो त्याची. सर्वांत आधी खचणारा मनुष्य सर्वांत कमी दोषी असतो, असे मानायला काय आधार आहे? तो सर्वांत हिशेबी असण्याचीही तितकीच शक्यता आहे. आणि स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी बोलणारा मनुष्य खरे तेवढेच बोलेल की तपास अधिकाऱ्याला हवे तेही बोलेल?

दुसरे असे की ज्या कुटुंबातला मुलगा गेला त्या कुटुंबाला माफी देण्यापूर्वी कोणी विचारीत नाही. त्यांच्या दृष्टीने पाचही सारखेच असतात. त्या आईवडिलांना साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभा असलेला तो मुलगा पाहावा लागला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

काळा कोट

उंबरठाताई, तुमची शंका कायद्यालाही आहे, आणि ती फार जुनी आहे. त्या वेळच्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम १३३ म्हणत असे की साथीदाराची साक्ष ग्राह्य आहे आणि केवळ तिच्यावर आधारलेली शिक्षाही बेकायदा ठरत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ११४ मधील (ख) हे उदाहरण सांगत असे की महत्त्वाच्या बाबींत दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. १९५७ मध्ये सरवण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी घालून दिली. साक्षीदार मुळात विश्वासार्ह वाटला पाहिजे, आणि त्यानंतर त्याच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा मिळाला पाहिजे. पहिल्या कसोटीला तो उतरला नाही तर दुसरीकडे वळण्याचे कारणच उरत नाही. हा दुजोरा केवळ गुन्हा घडला याला असून चालत नाही. त्या विशिष्ट आरोपीचा त्या गुन्ह्याशी असलेला संबंध त्यातून दिसला पाहिजे.

गोदाकाठचा

मी परभणी जिल्ह्यातला. जोशी-अभ्यंकर म्हटले की पुणेकरांना जे आठवते तेच आमच्याकडे मानवतचे नाव घेतले की जुन्या माणसांना आठवते, आणि या धाग्याच्या प्रश्नाला मानवतइतके जवळचे दुसरे प्रकरण मला दिसत नाही.

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतला दहा खून झाले. बळींत पाच लहान मुली, एक जेमतेम वर्षाचे मूल आणि चार स्त्रिया होत्या. गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे यासाठी नरबळी दिल्याचा आरोप होता. दुष्काळाचे दिवस होते हे विसरू नये. रोजगार हमीच्या कामावर आणि सरपणासाठी बायका-मुली दूरदूर एकट्या जात असत. स्थानिक तपास अडखळल्यावर मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे काम आले. तेथेही दोघांना माफी देऊन साक्षीदार करण्यात आले. सत्र न्यायालयात शिक्षा झाल्या, आणि ज्यांच्यावर या कटाचे सूत्रधार असल्याचा आरोप होता ते दोघे वरच्या न्यायालयात निर्दोष सुटले, कारण त्यांच्याविरुद्ध माफीच्या साक्षीदारांच्या शब्दाला पुरेसा दुजोरा उरला नाही. ज्यांच्या हातून प्रत्यक्ष कृत्ये झाल्याचे सिद्ध झाले ते अडकले.

आमच्या भागात याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात. कोणी म्हणतात पैसेवाले सुटले आणि गरीब लटकले, कोणी म्हणतात निरपराध माणसे गोवली गेली होती. मी यात कोणाची बाजू घेणार नाही. न्यायालयाने निर्दोष म्हटले म्हणजे ते निर्दोष. परंतु मुळाकाठ यांच्या प्रश्नाला एक उत्तर यातून मिळते. माफीचा साक्षीदार खटला उभा करतो, आणि दुजोरा नसेल तर तोच खटला ऐन मोक्याच्या जागी कोसळतो.

काळा कोट

गोदाकाठचा यांनी अचूक उदाहरण दिले. सर्वोच्च न्यायालयाचा ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९७७ चा निकाल याच मानवत खटल्याचा असून न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी तो लिहिलेला आहे. कलम १३३ आणि ११४ यांत वाटतो तसा विरोध नाही, पहिले कलम कायदा सांगते आणि दुसरे व्यवहारातली सावधगिरी, असे त्यात विवेचन आहे. शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकण्याच्या बंधनाविषयीही हा निकाल आजतागायत उद्धृत होतो. मानवतचे नाव न घेता देशभरातील न्यायालये मानवतविषयी बोलत असतात, असे म्हटले तरी चालेल.

रानवाट

एक मूलभूत शंका. आरोपी पोलिसांसमोर कबूल झाले असतील तर माफीच्या साक्षीदाराची गरजच काय? रामन राघवने तर सगळे स्वतःच सांगून टाकले होते ना?

जुने दप्तर

रामन राघवचे प्रकरण यापासून बरेच वेगळे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडली जात होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी डोंगरी भागात एका माणसाला वर्णनावरून हटकले आणि ताब्यात घेतले. पूर्वीच्या गुन्ह्यांमुळे त्याच्या बोटांचे ठसे दप्तरी होते, त्यांवरून तो सिंधी दलवाई या नावानेही नोंदलेला रामन राघवच असल्याचे निश्चित झाले. बरेच दिवस तो काही बोलेना. शेवटी त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते दिल्यावर बोलू लागला, आणि पोलिसांना घेऊन जाऊन लपवलेली हत्यारे त्याने दाखवली. कोंबडीची गोष्ट सर्वांना पाठ असते. खटल्याच्या दृष्टीने मोल होते ते ठशांना आणि हत्यारांना.

त्याने चाळीसच्या आसपास खून सांगितले, खटला मात्र मोजक्या खुनांचाच चालला. फाशीची शिक्षा झाली, त्याने अपील करण्यास नकार दिला. उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले, त्या मंडळाला तो गंभीर मनोरुग्ण असल्याचे आढळले, आणि अखेर शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तो एकटाच होता. त्याला साथीदार नव्हता, त्यामुळे माफीचा प्रश्नच उद्भवला नाही. तथापि, कबुली मिळाली म्हणजे तपास संपत नाही, हे मात्र त्यातून पुरते दिसते.

काळा कोट

रानवाट, पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेने, विचाराला पुरेसा वेळ देऊन नोंदवलेली कबुली चालते, आणि त्याचेही नियम काटेकोर आहेत. पोलिसांसमोरच्या निवेदनातला एकच भाग ग्राह्य असतो, तो म्हणजे ज्या माहितीमुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तेवढी माहिती. ‘मी चाकू विहिरीपाशी पुरला आहे’ हे चालेल, ‘त्या चाकूने मी खून केला’ हे चालणार नाही. १९४७ च्या कोट्टया खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, ही मर्यादा आखून दिली आणि ती आजही पाळली जाते.

जुना पंच

वकीलसाहेब ज्याविषयी लिहीत आहेत ते मी स्वतः पाहिले आहे, म्हणून लिहितो. मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि एका खुनाच्या तपासात मला पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या कारवाईचा त्रयस्थ साक्षीदार म्हणून, बोलावण्यात आले. गावाचे वा माणसांचे नाव देत नाही.

आधी ठाण्यात निवेदन पंचनामा झाला. आरोपी बोलत होता, हवालदार लिहीत होते, आणि आम्ही दोघे पंच ऐकत होतो. आरोपीने ‘कोयता मी दाखवतो’ असे म्हटल्यावर ते वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवले गेले आणि आम्ही सह्या केल्या. मग जीप निघाली. कोणत्या रस्त्याने जायचे ते आरोपीने सांगायचे, चालकाने नाही, अशी फौजदारांची सक्त ताकीद होती. ओढ्याच्या काठी घाणेरीच्या जाळीत त्याने हात घालून कोयता काढला. मूठ लाकडी होती आणि पात्याजवळ सुतळी गुंडाळलेली होती. तो ब्राऊन पेपरमध्ये बांधला, दोऱ्याच्या गाठीवर मेणबत्तीवर वितळवलेली लाख ओतली, तिच्यावर ठाण्याची मोहोर उठवली आणि आमच्या सह्यांची चिठ्ठी पुडक्यावर चिकटवली.

तीन वर्षांनी न्यायालयात तेच पुडके माझ्यापुढे आले. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला पाऊण तास उभे केले. कोयत्याविषयी त्यांनी फारसे विचारले नाही. जीपमध्ये पुढे कोण बसले होते, लाखेचा रंग कोणता होता, ती जागा रस्त्यावरून दिसत होती का, आपण वाचून सही केली की नुसतीच केली, हे सारे विचारले. मी वाचून सही केली होती म्हणून निभावलो. दुसरे पंच मात्र फितूर झाले. आपल्याला ठाण्यातच कागदावर सही करायला लावली असे त्यांनी सांगितले, आणि ते माझ्या शेजारी जीपमध्ये बसलेले होते. उंबरठाताई म्हणतात त्याप्रमाणे माफीच्या साक्षीदारावर विसंबणे धोक्याचे आहेच. परंतु ज्यांचा काही गुन्हा नाही असे प्रतिष्ठित साक्षीदारही दबावाने किंवा कंटाळून उलटतात, तेव्हा तपास करणाऱ्याने कोणाकडे पाहावे?

उंबरठा

जुना पंच, आपला अनुभव फार मोलाचा आहे. फितुरीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरीही एक विचारते. पुण्याच्या खटल्यात दुजोरा नेमका कशाचा होता? त्या मुलाने सांगितले म्हणून न्यायालयाने मानले, की सांगितल्यावर काही सापडले?

मुळाकाठ

याचे उत्तर मीच देतो, कारण धागा काढल्यानंतर मी पुन्हा वाचन केले.

२३ मार्च १९७७ रोजी शेवटचा खून झाला. त्याच महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाचा देह लोखंडी शिडीला बांधून, दगडांचे वजन लावून बंडगार्डनजवळ नदीत टाकला गेला. दुसऱ्याच दिवशी तो येरवड्याकडे वर आला. ज्या नायलॉनच्या दोरीने आणि ज्या पद्धतीच्या गाठींनी तो बांधला होता, त्यांनी पोलिसांना आधीच्या खुनांची आठवण करून दिली. सहायक आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने मृत मुलाच्या ओळखीच्या तरुणांचे जबाब घ्यायला सुरुवात केली, आणि ‘त्या वेळी आम्ही अमुक ठिकाणी होतो’ या चौघांच्या सांगण्यात तफावत निघू लागली. चौकशीत त्यांचे मित्र बोलू लागले. मग हॉटेलमालकाच्या मुलाचा प्रकार उघडकीस आला आणि पेशवे पार्कच्या तळ्यातून ते पिंप बाहेर काढण्यात आले. आत त्याचे अवशेष होते.

म्हणजे चौघांपर्यंत पोलीस पोहोचले ते गाठींमुळे आणि विसंगत जबाबांमुळे, आणि माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला आधार मिळाला तो तळ्याच्या तळाशी. सुरुवातीला मला वाटत होते की सगळा खटला एका घाबरलेल्या मुलाच्या जिभेवर उभा होता. तसे दिसत नाही.

सदाशिवकर

खुनांच्या जागी त्यांनी अत्तर शिंपडले होते, पोलिसांच्या कुत्र्यांना माग लागू नये म्हणून. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत याची फार चर्चा झाली होती. इतकी काळजी घेणाऱ्यांनी गाठ मात्र प्रत्येक वेळी तीच मारली.

करवीरकर

कोल्हापूरच्या गावित प्रकरणाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी १९९० ते १९९६ या काळात तेरा मुले पळवली आणि त्यांतल्या अनेकांना मारले. चोरी करताना पकडले गेल्यास कडेवरच्या मुलाकडे पाहून लोकांनी दया दाखवावी, यासाठी ती मुले वापरली जात. त्यात रेणुकेचा पतीच माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटल्यापूर्वीच कोठडीत मेली. दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच खुनांबाबत ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला, आणि त्या निर्णयाला लागलेल्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेत बदलली.

या प्रकरणात मला माफी समजू शकते, पण आनंदाने नव्हे. मुले वेगवेगळ्या शहरांतल्या गर्दीच्या ठिकाणांहून उचललेली, मृतदेह वेगवेगळ्या ठिकाणी टाकलेले, बळी कोवळ्या वयाचे. कोणते मूल कोठून आणले आणि कोठे संपवले हा क्रम त्या घरातला मनुष्यच सांगू शकत होता. तो सांगितला गेला नसता तर कितीतरी आईबापांना आपल्या मुलाचे काय झाले हे कधीच कळले नसते. माझ्या मते माफीचे समर्थन करायचे तर ते या कारणासाठी करावे. शिक्षा मिळवून देण्यापेक्षा हरवलेल्यांचा ठाव सांगणे हे त्या साक्षीचे मोठे काम आहे.

इतिहासवेडा

माफीच्या साक्षीदाराच्या मर्यादेचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे गांधी खून खटला. दिगंबर बडगे हा पुण्यातला शस्त्रविक्रेता माफीचा साक्षीदार होता. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाचे न्यायाधीश आत्माचरण यांनी फेब्रुवारी १९४९ च्या निकालात बडगेला विश्वासार्ह साक्षीदार मानले. तरीही सावरकरांविरुद्ध केवळ त्याच्या कथनावर निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही असे म्हणून त्यांना निर्दोष सोडले. सरवण सिंग निकालाच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. साक्षीदार खरा वाटला तरी दुजोऱ्याची अट सोडली गेली नाही.

संपादक

इतिहासवेडा यांचा प्रतिसाद विषयाला धरून आहे म्हणून ठेवला आहे. त्या खटल्याच्या राजकीय बाजूवर सुरू झालेले पुढचे प्रतिसाद मात्र काढले आहेत. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

रानवाट

नवीन कायद्यांत यात काही फरक पडला आहे का?

काळा कोट

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या कलम १३३ च्या जागी तेथे कलम १३८ आहे. पूर्वी दुजोऱ्याशिवायच्या साक्षीवर झालेली शिक्षाही बेकायदा नाही असे शब्द होते. आता दुजोरा असलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही असे शब्द आहेत. सरवण सिंगपासून न्यायालये व्यवहारात जी सावधगिरी पाळत होती ती आता कलमाच्या मजकुरातच आली आहे. माफीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये साधारण तशीच राहिली आहे. उंबरठाताईंनी मांडलेला दुसरा प्रश्न, म्हणजे पीडित कुटुंबाचे म्हणणे माफीपूर्वी ऐकण्याचा, त्या कलमात आलेला नाही. तो यायला हवा असे मला प्रामाणिकपणे वाटते. नकाराधिकार देऊ नये, पण ऐकून घ्यावे आणि दंडाधिकाऱ्यांनी जी कारणे नोंदवायची त्यांत त्याचा उल्लेख करावा.

चिंचेची सावली

यावर सर्वांचे एकमत व्हायला हरकत नसावी.

गोदाकाठचा

माझे पूर्ण एकमत नाही. मानवतसारख्या गावात पीडित कुटुंब आणि आरोपी एकाच पाणवठ्यावर असतात. ‘या माणसाला माफी द्यावी का’ असे त्या कुटुंबाला विचारले जात आहे हे गावाला कळले, तर साक्ष होण्यापूर्वीच त्यांच्यावर आणि त्या साक्षीदारावर काय दबाव येईल याचा विचार करा. शहरातल्या न्यायालयात जे सोपे वाटते ते तालुक्याच्या ठिकाणी तसे नसते. ऐकायचे असेल तर बंद दालनात ऐकावे, आणि नोंदही खटला संपेपर्यंत मोहोरबंद ठेवावी.

उंबरठा

ही अट मला मान्य आहे, आणि ती मी आधी सुचवायला हवी होती असे वाटण्याइतकी योग्य आहे.

मूळ प्रश्नावर माझे मत आता असे आहे. तळ्यातून पिंप निघाले, गाठी जुळल्या, चौघांचे जबाब एकमेकांशी विसंगत निघाले. इतका दुजोरा असताना त्या साक्षीवर शिक्षा होणे न्याय्य होते. त्या मुलाला खटल्यापुरती माफी देणेही कदाचित अटळ होते. पण जानेवारी १९७६ मध्ये, त्या पहिल्या रात्रीनंतर, त्याने एका माणसापाशी जरी तोंड उघडले असते तरी विजयानगर कॉलनीतले तिघे, ‘स्मृती’तले पाच आणि नदीतला तो मुलगा वाचले असते. त्याच्या त्या गप्प राहण्याला न्यायालयाची माफी लागू होते, असे मी मानत नाही.

मुळाकाठ

उंबरठाताई, माझेही मत हेच आहे. काळा कोट यांना एक शेवटची विनंती : दगडू निकालातील दुजोऱ्याविषयीचे परिच्छेद मराठीत थोडक्यात लिहून द्याल का? मानवतविषयी गोदाकाठचा यांच्याकडून अधिक ऐकण्यासाठी मी स्वतंत्र धागा काढतो.

काळा कोट

रविवारी सवडीने लिहितो. त्यात शिक्षेपूर्वीच्या सुनावणीचा भागही घेईन, कारण तो दुजोऱ्याच्या भागापासून तोडून वाचला तर अर्धाच कळतो.